वाऱ्याचे गणित

मुलांनो, दर्यावर जाणारे कोळी आभाळाकडे पाहून पावसाचा अंदाज सांगतात. तो पुष्कळदा खराही ठरतो. पण चार दिवसांनी वादळ येणार का, हे नुसते पाहून कसे कळणार? त्यासाठी गणित करावे लागते.

हवेचा दाब, उष्णता, ओलावा आणि वारा यांचे नियम शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. आजची हवा मोजली, तर त्या नियमांनी उद्याची हवा काढता येते. लुईस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात हे गणित हाताने करून पाहिले. अवघ्या सहा तासांच्या अंदाजासाठी त्याला सुमारे सहा आठवडे लागले. शिवाय उत्तरही चुकले! तरी त्याने उमेद सोडली नाही. १९२२ साली त्याने पुस्तक लिहिले. ६४,००० माणसे एकत्र बसून हा हिशेब करत आहेत, अशी कल्पना त्यात मांडली.

आज हे काम महासंगणक करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली 'अर्क' नावाचा महासंगणक सुरू झाला. अर्क म्हणजे सूर्य. एखाद्या माणसाने दर सेकंदाला एक हिशेब केला, तर 'अर्क' एका सेकंदात जेवढे काम करू शकतो, तेवढ्याला त्या माणसाला ३५ कोटींहून अधिक वर्षे लागतील.

वेगाला एवढे महत्त्व का? कारण वादळानंतर मिळालेला अंदाज काय कामाचा? १९९९ साली ओडिशातील चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ साली तेथेच 'फायलिन' हे मोठे वादळ आले. या वेळी इशारा आधीच मिळाला होता. लाखो लोकांना सुरक्षित जागी हलवले गेले. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली.

कोळसा व तेल जाळल्याने पृथ्वी पुढे किती तापेल, हेही महासंगणकावर अभ्यासता येते. मात्र यंत्र फक्त इशारा देते. तो ऐकून वेळीच पाऊल उचलणे माणसाच्याच हाती आहे.

शब्दार्थ : दर्या – समुद्र, उमेद – आशा, दगावणे – मरण पावणे.

स्वाध्याय
१. रिचर्डसनला सहा तासांच्या अंदाजासाठी किती वेळ लागला?
२. २०१३ साली ओडिशात प्राणहानी कमी का झाली?