शमुवेलचा सामाजी

आमच्या वणीत महादेवचा महादू होतो, तसा कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंकडे शमुवेलचा सामाजी झाला. या नावाचा मला फार लोभ.

बायबलात हन्नाला मूल नव्हतं. तिनं मंदिरात रडून नवस केला, मुलगा झाला. देवाकडे मागून घेतला म्हणून शमुवेल, असं तीच सांगते. अभ्यासक मात्र हिब्रू ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव अशी फोड करतात. मला आईचंच कारण पटतं. नवसाची पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. हसाजी म्हणजे यहेज्केल, ‘देव बळ देतो’. दिवेकर मात्र अस्सल कोकणी, गावावरून पडलेलं आडनाव. सिनेगॉग उभं राहिलं त्या मांडवीतल्या रस्त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात.