पाते कोणते घालावे?

मराठीचा मास्तर हाती करवत धरतो म्हटल्यावर आमच्या घरात सर्वप्रथम आयोडिनची बाटली विकत आणली गेली. सौभाग्यवतींचा तो दूरदर्शीपणा पुढे कामी आला, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

प्रकरण असे. 2019 साली आमचा जुना वाडा पाडला. आई त्या वाड्यात 47 वर्षे नांदली. पाडापाडीच्या दिवशी मी मुकादमाकडून फडताळाच्या दाराची एक सागवानी फळी मागून आणली आणि तिच्यातून वाड्याच्या दर्शनी बाजूची प्रतिकृती करून देईन, असे आईला बोलून बसलो. प्रमाण ठरवले एका फुटाला पाव इंच. फळी सुताराकडून चार मिलिमीटर जाडीची करून घेतली आणि नक्षी कापण्यासाठी विजेवर चालणारी एक स्क्रोल सॉ घेतली. शिवणयंत्राच्या सुईसारखे हिचे पाते खालीवर होते. पाते जागेवरच असते, लाकूड आपण फिरवायचे.

यंत्राबरोबर पाती आली होती, ती दोन्ही टोकांना पिना असलेली. महिरपीचे काम बाहेरच्या कडेने होते, तेव्हा काही अडले नाही. पण खिडकीची जाळी आतून कापायची म्हणजे आधी भोक पाडून पाते त्यातून ओवावे लागते. पाऊण इंचाची ती खिडकी! पिनेसकट पाते जाईल एवढे भोक पाडले तर जाळी राहणार कुठे? बिनपिनेची पाती लागतात, आणि ती धरायला वेगळे चिमटे लागतात, हे ज्ञान मला तेव्हा झाले.

बिनपिनेची पाती पाच इंच लांबीची. त्यांना नंबर असतात. नंबर वाढला की पाते रुंद आणि दात मोठे. इथवर ठीक. पण शून्याच्याही खाली 2/0 नावाचे पाते असते, म्हणजे शून्याहूनही बारीक. शून्याखाली गुण देण्याची सोय आमच्या विद्यापीठाने अजून केलेली नाही. केली तर काही उत्तरपत्रिकांना उपयोगी पडेल.

दुकानदार म्हणाला, “सर, पाच नंबर न्या, सगळ्याला चालतो.” त्याचे तसे चुकले नाही. पाऊण इंच लाकडाला पाच नंबर उत्तम. माझ्या फळीवर मात्र त्याने घात केला. पहिलीच महिरप कापली. वरून पाहावी तर देखणी, उलटून पाहिली तर खालच्या कडेचे कपचे उडून ती उंदराने कुरतडल्यासारखी झालेली. वाड्याच्या लाकडातली ती वीतभर पट्टी गेली ती गेलीच. उरलेल्या फळीत आणखी एकच महिरप बसत होती. त्या रात्री मी यंत्रावर चादर टाकली, आणि आठ दिवस ती काढली नाही.

नंतर खोक्याच्या प्लायवुडवर धडे गिरवले. एक साधा हिशेब कळला: लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असावेत. पाच नंबरच्या पात्याला इंचात साधारण बारा दात. माझ्या चार मिलिमीटरांत ते जेमतेम दोन येतात. दोन नंबरला इंचात वीसच्या आसपास, म्हणजे बरोबर तीन. (निरनिराळ्या कारखान्यांचे आकडे थोडे पुढेमागे असतात, विकत घेताना पाकीट वाचावे.) काही पात्यांत एकाआड एक दात गाळलेला असतो. मला तो कारखान्याचा कंजूसपणा वाटला होता. पण त्या फटीतून भुसा बाहेर पडतो आणि लाकूड करपत नाही.

कपच्यांवर उपाय म्हणजे उलट्या दातांचे पाते. त्याचे तळाचे काही दात वर तोंड करून असतात. पाते वर जाताना ते खालची कड स्वच्छ कापतात. मात्र पाते वरच्या टोकाला असताना त्यांतले दोनतीन दात यंत्राच्या पाटावर डोकावले पाहिजेत. नाहीतर ते पाटाखालीच राहतात आणि आपण फुकट पैसे मोजतो. चहूबाजूंनी दात असलेले पीळदार पातेही मिळते. लाकूड न फिरवता हव्या त्या दिशेला कापते, पण चीर रुंद आणि कड खरबरीत. नाजूक जाळीला ते मी लावले नाही.

दोन खोड्या मात्र कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. पात्याची एक कड बनावटीतच किंचित खरबरीत राहते, त्यामुळे पाते त्या बाजूला ओढ घेते. लाकूड जरा तिरपे लोटले की ते रेषेवर येते. दुसरी ताणाची. पाते तंबोऱ्याच्या तारेसारखे छेडावे. नाद भद्द आला तर ताण कमी, आणि मग वळणावर ते हमखास भरकटते. माझी अकरा पाती मोडली, ती बहुतेक लाकूड घाईने रेटल्यामुळे.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री उरलेली महिरप कापायला घेतली. पाते दोन नंबर, उलट्या दातांचे. घरातली सगळी मंडळी निजल्यावर बसलो, कारण लाकूड एकच होते. अर्ध्या तासात ती सुटून हातात आली. उलटून पाहायचे धैर्य होईना; शेवटी चिरंजीवांनी जागे होऊन पाहिले आणि “बाबा, कड साफ आहे” म्हणाले.

पाडव्याला प्रतिकृती आईपुढे ठेवली. तिने चष्मा पुसला, महिरपीवरून बोट फिरवले, आणि मग ते माजघराच्या खिडकीवर थांबले.

“हिचा तिसरा गज वाकलेला होता रे. तू लहानपणी त्यात डोकं अडकवलं होतंस, तेव्हा तुझ्या आजोबांनी वाकवला होता.”

ती खिडकी आता पुन्हा कापायची आहे. 2/0 ची चार पाती शिल्लक आहेत, आणि लाकूड बोटभर.