पाटी लांबून वाचता येते का?

दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि ती अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. मीही पाटी बदलली. मरून जमिनीवर निळी अक्षरे घेतली. जवळून झकास, रस्त्यापलीकडून नुसता काळा पट्टा! गडचिरोलीकडून आलेले गिऱ्हाईक शेजाऱ्याला माझे दुकान विचारू लागले.

चूक माझीच. जमीन आणि बुट्टी दोन्ही गडद असली की कापडावरची नक्षी बुडते, हे आपल्याला ठाऊक आहे. पाटीचेही तसेच. नुसते रंग वेगळे असून भागत नाही; एक फिका, एक गडद हवा. टॅक्सीची नंबरप्लेट पाहा, पिवळ्यावर काळे. संगणकाच्या पडद्यासाठी तर जगभर मापच ठरले आहे : साध्या मजकुरात अक्षर आणि जमीन यांच्या उजेडात किमान ४.५ ला १ इतका फरक.

देवनागरीचे अनुस्वार, मात्रा आणि उर्दूचे नुक्ते लांबून आधी नाहीसे होतात. म्हणून अक्षर जाड, मोकळे ठेवा; सावली, वेलबुट्टी नको. चंद्रपूरच्या उन्हात रंग उडतो, कोळशाची धूळ बसते; पाटी वरचेवर पुसा.

बंधूंनो, पेंटरकडून आधी नमुना घ्या. मोबाईलवर त्याचा काळा-पांढरा फोटो काढा. अक्षरे जमिनीत विरली, तर पैसे देण्याआधीच रंग बदला.