तेलघाण्यापासून मॅट्रिकपर्यंत : माझगावची इस्रायली शाळा

चिकलठाण्याहून जालना रोडने शहराकडे निघालं की दुतर्फा फलक दिसू लागतात. नीट, जेईई, सीईटी. मुलामुलींचे फोटो आणि त्याखाली ठळक आकड्यांत गुण. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या आईबापांचं लक्ष त्या फलकांकडे गेल्याशिवाय राहत नाही. पोरगं कोणत्या कॉलेजात जातं, यावर घराची पुढची दिशा ठरणार असते. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत मराठी बोलणाऱ्या एका अगदी लहान समाजापुढे हीच काळजी होती, आणि त्यांनी तिच्यावर उपाय म्हणून स्वतःची शाळा काढली. समाज बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा. शाळा १८७५ सालची. आज ती माझगावात सर एली कदुरी हायस्कूल या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना फर्ग्युसन, विल्सन, हुजूरपागा ही नावं हटकून येतात. ही शाळा येत नाही. ती यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली. त्यांचा वंश कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडात, गावोगाव पसरला. घाण्यावर तेल गाळायचं, थोडी शेती करायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, असा त्यांचा क्रम. म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांची: केहीमकर, राजपूरकर, पेणकर, दिवेकर, आष्टमकर. घरात मराठी. हिब्रू जवळजवळ विस्मरणात गेलेली. उरला होता शनिवारचा विसावा, सुंता, काही सण, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना.

अठराव्या शतकापासून ही माणसं मुंबईत येऊ लागली. कोणी गोदीत, कोणी सुतारकामात, पुष्कळसे कंपनीच्या फौजेत. फौजेतल्याच समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. पलटणीत चढायचं तर लिहितावाचता येणं उपयोगी, आणि कचेरीत शिरायचं तर इंग्रजी आलंच पाहिजे. घाण्यावरून उठलेल्या या समाजाला शिक्षणाचं मोल असं नोकरीच्या वाटेने समजलं.

पहिल्या शाळा त्यांना मिळाल्या त्या मिशनऱ्यांकडून. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत आली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि तीनच वर्षांनी, १८३२ मध्ये, त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता. पण घडलं ते फार निराळं. मुलं शाळेत गेली, अक्षर शिकली, जुना करार मराठीत वाचू लागली, आणि त्यात त्यांना आपल्याच पूर्वजांच्या कथा भेटल्या. ख्रिस्ती झाले ते अगदी मोजके. बाकीचे अधिक जाणते ज्यू होऊन घरी परतले. मिशनच्या शाळांचं ऋण या समाजाने कधी नाकारलं नाही, आणि त्या शाळांवर कायमचं विसंबून राहायचं नाही, हेही ओळखलं. मला या समाजाच्या शहाणपणाचा हा पहिला पुरावा वाटतो.

तो निर्धार प्रत्यक्षात आणणारा माणूस म्हणजे हाईम सॅम्युएल केहीमकर. १८५३ मध्ये, वयाच्या विशीतच, त्यांनी समाजातल्या शिक्षणासाठी एक साहाय्यक मंडळी उभी केली. १८७५ मध्ये शाळा निघाली. सुरुवात प्राथमिक वर्गांपासून झाली. पैशांची चणचण असे, कारण समाज कारकून, शिपाई, सुतार यांचा. गर्भश्रीमंत त्यात जवळपास कोणी नव्हते. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने मदतीचा हात दिला आणि शाळा तगली. वरचे वर्ग एकेक करून वाढत गेले आणि १८९२ मध्ये ती हायस्कूल झाली. पहिल्या दिवसापासून सतरा वर्षं. याच केहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला मात्र १९३७ साली, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

हायस्कूल होण्याला एवढं महत्त्व का, हे समजायला त्या काळची मॅट्रिक समजून घ्यावी लागते. आज दहावीची परीक्षा मंडळ घेतं आणि कॉलेजप्रवेशाचं पुढचं गणित वेगळं असतं. तेव्हा मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाचीच प्रवेशपरीक्षा होती. विद्यापीठ १८५७ चं. पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि मूठभरच उत्तीर्ण झाले. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर होते. पुढच्या काळातही ही परीक्षा गाळणीसारखीच राहिली. जी शाळा मॅट्रिकपर्यंत नेत नाही, ती मुलाला कॉलेजच्या दारापर्यंत नेत नाही, इतका साधा हिशेब होता. म्हणजे १८९२ नंतर बेने इस्रायल मुलगा प्राथमिक वर्गापासून आपल्या माणसांत बसून थेट विद्यापीठाच्या परीक्षेपर्यंत जाऊ शकत होता.

आणि इथेच या शाळेच्या अभ्यासक्रमाचा सगळ्यात सुंदर भाग येतो. मॅट्रिकला इंग्रजीबरोबर आणखी एक भाषा घ्यावी लागे. ब्राह्मणांची मुलं संस्कृत घेत, पारशी आणि मुसलमान मुलं फारशी घेत. विल्सन पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि हिब्रूला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात स्थान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यामुळे जी भाषा कोकणातल्या आजोबांना एका प्रार्थनेपुरती ठाऊक होती, तीच नातवाच्या मॅट्रिकच्या गुणपत्रिकेत उतरू शकली. सिनेगॉगमध्ये हझानच्या, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याच्या, मागोमाग म्हणायचे शब्द आणि परीक्षेत व्याकरणासह सोडवायचा उतारा, दोन्ही एकाच तासात शिकायला मिळत. धर्मशिक्षण आणि कॉलेजची तयारी ही जगभरच्या ज्यू शाळांत दोन वेगळ्या तासिकांची भांडणं असतात. सकाळी एक, दुपारी दुसरं, आणि मुलाची दमछाक. मुंबईत विद्यापीठाच्या एका निर्णयाने त्यांतला बराचसा कलह मिटला होता.

हे शिकवायला माणसंही समाजातूनच तयार झाली. जोसेफ इझीकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) हे त्यांतलं मोठं नाव. मुंबईतल्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे ते हेडमास्तर, विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक आणि ज्यू प्रार्थनाग्रंथांचे मराठी अनुवादक. १८७४ मध्ये पुण्यात छापलेली हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाची पोथी, याच मराठी-हिब्रू खटपटीचं फळ; हिब्रू मजकूर आणि त्याचं मराठी भाषांतर एकत्र. ही पुस्तकं घराघरांत होती, म्हणून शाळेतलं हिब्रू पुस्तकाबाहेर, सणाच्या पाटापर्यंत पोचत होतं.

शाळेला तिची खरी ओळख दिली ती रिबेका रूबेन यांनी. पुण्याच्या हुजूरपागेच्या त्या विद्यार्थिनी. १९०५ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. मुंबई इलाख्याचा पसारा सिंधपासून कर्नाटकापर्यंत होता, आणि मुलीने हायस्कुलात जाणं हेच अनेक घरांत वादाचं होतं. त्या वेळी एका नगण्य संख्येच्या समाजातली मुलगी सगळ्या मुलग्यांच्या पुढे गेली. पुढे त्यांनी लंडनला अध्यापनाचं शिक्षण घेतलं, केंब्रिजला हिब्रूचा अभ्यास केला. एवढी पात्रता असलेल्या बाईंना कुठेही मानाची जागा मिळाली असती. १९२२ मध्ये त्यांनी इस्रायली शाळेचं मुख्याध्यापकपद घेतलं आणि १९५० पर्यंत, अठ्ठावीस वर्षं, सांभाळलं. त्यांनी शाळांसाठी पाठ्यपुस्तकं लिहिली, समाजाच्या वार्षिकाचं संपादन केलं, बायकांच्या संघटनेत काम केलं. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची रोजची उपस्थिती. मॅट्रिकला पहिली आलेली बाई समोर उभी राहून शिकवते आहे, हे पाहत वर्गातल्या मुली वाढल्या. कॉलेज आपल्यासाठी आहे का, हा प्रश्न त्यांना पडायची गरजच उरली नसेल.

हुजूरपागेतूनच या समाजाची आणखी एक मुलगी पुढे आली: जेरुशा झिराड. ग्रँट मेडिकल कॉलेज, मग लंडन, तिथे प्रसूतिशास्त्रात एम. डी., आणि परतल्यावर मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेसही बेने इस्रायलच, महालक्ष्मी-वरळीकडचा ई. मोझेस रोड त्यांच्या नावाचा. तेलघाण्यापासून इथवर यायला या समाजाला जेमतेम तीन-चार पिढ्या लागल्या.

शाळेचं नाव बदललं ते १९३०च्या दशकात. बगदादहून आलेल्या घराण्यातले, हाँगकाँग आणि शांघायमध्ये व्यापार करून मोठे झालेले सर एली कदुरी यांनी भरघोस देणगी दिली आणि शाळा त्यांच्या नावाने चालू लागली. मुंबईत बगदादी ज्यूंची निराळी शाळा होती, भायखळ्याला, मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात, ससून घराण्याने विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेली. बगदाद्यांची घरभाषा अरबी, मग इंग्रजी. बेने इस्रायलांची मराठी. दोघांत फारसं सख्य नव्हतं. बगदाद्यांनी या मराठी ज्यूंना बरोबरीचं मानायला पुष्कळ वेळ लावला, ही दुखरी गोष्ट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. म्हणूनच बगदादी धनिकाच्या पैशाने मराठी ज्यूंची शाळा सावरावी, याला वेगळं महत्त्व आहे.

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि कुटुंबं निघू लागली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीसेक हजार बेने इस्रायल होते. पन्नास आणि साठच्या दशकांत ते हजारोंनी गेले: लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच काही धर्मगुरूंनी शंका घेतली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं जाहीर केल्यावर तो वाद शमला. तिथेही त्यांनी मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघालं. इकडे मुंबईत साठच्या दशकात ओआरटी या ज्यू संस्थेने यंत्रकाम, विजेचं काम असं तांत्रिक शिक्षण सुरू केलं. परदेशी जाणाऱ्या तरुणाच्या हाताशी पदवीखेरीज कसबही असावं, असा विचार त्यामागे होता.

माझगावच्या वर्गांतली ज्यू मुलं कमी होत गेली. अशा वेळी शाळा बंद होते, नाहीतर इमारत भाड्याने जाते. इथे तसं झालं नाही. माझगाव, डोंगरी, भायखळा या वस्त्यांतली मुलं आत आली, त्यांत मुसलमान घरांतली फार मोठ्या संख्येने. भायखळ्याच्या ससून शाळेचीही तीच कथा. व्यवस्थापन ज्यू, विद्यार्थी बहुतांश मुसलमान, आणि वर्षाच्या शेवटी राज्य मंडळाची दहावी. जगात ज्यू आणि मुसलमान यांच्याविषयी ज्या बातम्या रोज येतात, त्या वाचताना माझगाव-भायखळ्याच्या या दोन शाळा आठवाव्यात, इतकंच मी म्हणेन.

मराठवाड्यातल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, तेव्हा ज्यांच्या घरात पूर्वी कोणी पाटीला हात लावला नव्हता त्यांची पोरं नागसेनवनात, म्हणजे मिलिंदच्या आवारात, आली. डॉ. रफिक झकेरियांनी पुढे रौझाबागेत मौलाना आझाद महाविद्यालय उभं केलं. केहीमकरांची शाळा याच घराण्यातली, पण मिलिंदच्या पाऊणशे वर्षं आधीची आणि कितीतरी कमी माणसांच्या बळावर उभी राहिलेली. चिकलठाण्यात आज जो बाप क्लासच्या फीचा हिशेब मांडतो, त्याची तगमग केहीमकरांना नक्की कळली असती.

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. त्या आधीच्या जनगणनेत देशभरात सुमारे साडेचार हजार ज्यू उरले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात, बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. अल्पसंख्याक म्हणून स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याच्या हक्काला राज्याने अशी मान्यता दिली, तेव्हा समाजाच्या पहिल्या शाळेला एकशे एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि तिच्या बाकांवर शेजारच्या मोहल्ल्यांतली मुलं दहावीची तयारी करत होती.