विचारणं बंधनकारक, ऐकणं ऐच्छिक

अमेरिकेच्या कृषी खात्यात एक समिती आहे, जिच्या सभासदांना मानधन मिळत नाही, वॉशिंग्टनला जायचं भाडंही मिळत नाही, तरी त्या खुर्चीसाठी माणसं अर्ज करतात. फळे आणि भाजीपाला व्यापाराची ही कृषी तांत्रिक सल्लागार समिती. तिच्यात अधिकारी नाहीत. बागायतदार, पॅकहाऊसवाले, निर्यातदार, आयातदार आणि त्यांच्या संघटनांचे पगारी प्रतिनिधी आहेत. नेमणूक कृषिमंत्री आणि सरकारचे व्यापार प्रतिनिधी (व्यापार वाटाघाटींचे प्रमुख) मिळून करतात, मुदत चार वर्षांची. धान्य, जनावरं, साखर, प्रक्रिया केलेले पदार्थ यांच्या अशाच समित्या शेजारी बसतात.

मग मिळतं काय? वाटाघाटींचा मसुदा. सुरक्षा तपासणीतून गेलेला सभासद तो कागद वाचू शकतो, जो पत्रकाराला करार होईपर्यंत दिसत नाही. कोणत्या देशाकडे काय मागायचं, कशाच्या बदल्यात काय सोडायचं, हे ठरत असताना तो आत असतो. या खुर्चीची सगळी किंमत त्या 'असताना'मध्ये आहे.

ही रचना आली १९७४च्या व्यापार कायद्याच्या कलम १३५मधून. कायद्यावर राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही झाली ३ जानेवारी १९७५ रोजी. त्यामागे एक फजिती होती. १९६७ साली संपलेल्या, अनेक देशांच्या व्यापार वाटाघाटींच्या केनेडी फेरीत अमेरिकी अधिकाऱ्यांनी रसायनांवरचं शुल्क आणि डम्पिंगचे नियम यांबाबत परदेशांना शब्द दिले, आणि घरी परतल्यावर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ते पाळायला नकार दिला. पुढच्या फेरीला माणसं पाठवताना काँग्रेसने अट घातली: आधी धंद्यातल्या लोकांना विचारा. मात्र अट विचारण्यापुरतीच आहे. सल्ला मानलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. सल्ल्यापासून मोठी फारकत घेतली, तर ती समितीला कळवा, एवढंच म्हणतो.

ताज्या मालाला वेगळी समिती कशाला, हे कळायला आंब्याकडे पाहावं. भारतीय आंब्याला अमेरिकेत सुमारे १८ वर्षं बंदी होती. अडसर आयात शुल्काचा नव्हता, कोयीतल्या भुंग्याचा आणि फळमाशीचा होता. मार्च २००६मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले, अणुकराराच्या गडबडीत आंब्याचीही वाट मोकळी झाली, आणि आपण बदल्यात हार्ले-डेव्हिडसनला दार उघडलं. एप्रिल २००७मध्ये पहिली खेप गेली. फळाला ४०० ग्रे मात्रेचं विकिरण द्यायचं, तेही अमेरिकी निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत, ही अट होती. कांद्यासाठी लासलगावला उभारलेलं भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' संकुल तेव्हा हापूसच्या कामी आलं. हा निर्णय सल्लागार समितीचा नव्हे, वनस्पतींच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या यंत्रणेचा. पण फळांच्या व्यापारात खरी भिंत कुठे असते, ते यातून दिसतं. कीड, औषधांचे अंश, शीतप्रक्रियेचे दिवस, खोक्यावरचा शिक्का. शुल्काचा आकडा अर्थमंत्र्यालाही समजतो. या गोष्टी पॅकहाऊसमध्ये उभ्या राहणाऱ्यालाच समजतात.

आणि तंटा झाला तर वेळ नसतो. मे २०२५मध्ये नवी मुंबईच्या केंद्रात विकिरण केलेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. फळात दोष सापडला नव्हता, कागदपत्रांवर आक्षेप होता. परत आणा किंवा तिथेच नष्ट करा, असे दोनच पर्याय होते, आणि परत आणण्याचं भाडं मालापेक्षा जड. पोलादाचा खटला पाच वर्षं चालू शकतो. आंब्याला पुढची तारीख घेण्याची चैन नाही.

इथवर समितीची बाजू पटते. अडचण पुढे आहे. 'फळे आणि भाजीपाला' असा एक पक्ष मुळात नाहीच. फ्लोरिडाचा टोमॅटोवाला म्हणतो, मेक्सिकोचा माल हिवाळ्यात आमचा भाव पाडतो. अ‍ॅरिझोनातल्या नोगालेस नाक्यावरचा आयातदार त्याच मेक्सिकन टोमॅटोवर जगतो. दोघंही अमेरिकी, दोघंही 'उद्योग'. १९९६पासून किमान भावाचा तह करून हे भांडण झाकून ठेवलं होतं. २०१९मध्ये तो मोडला आणि नव्याने झाला. १४ जुलै २०२५ला तो पुन्हा संपला आणि बहुतेक मेक्सिकन टोमॅटोवर १७.०९ टक्के शुल्क बसलं. २०१७मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या नाफ्टा कराराची फेरबोलणी सुरू झाली, तेव्हा हंगामी मालाला डम्पिंगविरोधी दाद मागणं सोपं करावं, अशी मागणी अमेरिकेच्या अधिकृत उद्दिष्टांत होती. आग्नेयेकडची राज्यं तिच्या मागे, पश्चिमेकडचे निर्यातदार विरोधात: उद्या मेक्सिकोने हाच नियम आमच्या सफरचंदांना लावला तर? अंतिम करारात ती मागणी नव्हती. उद्योगाचं मत घेतलं म्हणजे एक मत मिळालं, हा कायदा करणाऱ्यांचा भाबडेपणा म्हणावा लागेल.

दुसरी तक्रार दाराची. सरकारी सल्लागार समित्यांच्या बैठका उघड्या असाव्यात, असा अमेरिकेचा १९७२चा कायदा आहे. व्यापार समित्यांना त्यातून मोठी सूट आहे. वाटाघाटीतले पत्ते उघडे करून खेळता येत नाही, हे मान्य. पण आत कोण, हा प्रश्न उरतोच. १९९९मध्ये सिएटलच्या न्यायालयाने लाकूड आणि कागदाच्या समित्यांत पर्यावरणाची बाजू मांडणाराही हवा, असा निकाल दिला. २०१४मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने मोजलं, तेव्हा अशा सगळ्या समित्यांतले ८५ टक्के सभासद उद्योग आणि व्यापारी संघटनांचे निघाले. स्ट्रॉबेरी तोडणारा मजूर या आकड्यात शोधू नये.

तरी ही खुर्ची सर्वशक्तिमान नाही. २०१८मध्ये ट्रम्प सरकारने पोलादावर २५ आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क बसवलं. उत्तरादाखल भारताने जून २०१९मध्ये अमेरिकी सफरचंदांवर २० टक्के जादा शुल्क लावलं. आधीचे ५० धरून ७०. वॉशिंग्टन राज्यातल्या बागायतदाराचा पोलादाशी काय संबंध? पण त्याची मोठी बाजारपेठ बसली, आणि सुटका व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडला. वाशीच्या बाजारात तोवर इराण आणि तुर्कस्तानच्या पेट्यांनी जागा घेतली होती.

हे चित्र आपल्याकडच्या कारभाराशेजारी ठेवून पाहिलं की अमेरिकेची बंद खोलीसुद्धा ऐसपैस वाटते. ७ डिसेंबर २०२३ला कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून लागू झाली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं होतं. मे २०२४मध्ये बंदी उठली, तीही किमान निर्यात मूल्य आणि शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ला. या मालिकेतल्या कुठल्याही पायरीआधी शेतकऱ्याचं मत लेखी घ्यायला सरकार बांधील नव्हतं. अपेडा या कृषी निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या मंडळावर फळ-भाजी उद्योगाला कायद्याने जागा आहे, पण बंदीचा निर्णय अपेडा घेत नाही.

जानेवारी २०२५मध्ये केंद्राने परकीय व्यापार धोरणात दोन परिच्छेद घातले: धोरण बदलण्याआधी संबंधितांची मतं मागवावीत, आणि मत का स्वीकारलं नाही, हे कळण्याची सोय असावी. अपवादात्मक परिस्थितीत मात्र सरकार स्वतःहून निर्णय घेऊ शकेल, हेही त्यातच लिहिलंय. कांद्याच्या बाबतीत दिल्लीला परिस्थिती अपवादात्मक वाटली नाही, असं वर्ष लासलगावच्या ओट्यावर कुणाला आठवतंय का, विचारून पाहायला हरकत नाही.