दोनाचा मुकुट, दीडाचा माल

संग्रहालयात ‘ब्राँझ’ अशी चिठ्ठी लावलेली पहिल्या शतकातली रोमन नाणी बरेचदा ब्राँझची नसतातच. ऑगस्टसने इ.स.पू. 23च्या सुमारास चलनाची घडी नव्याने बसवली. त्यात ‘अ‍ॅस’ तांब्याचा ठेवला. दोन अ‍ॅसचा दुपोंडियस आणि चार अ‍ॅसचा सेस्टर्शियस मात्र पितळेचे केले. हे पितळ करणं सोपं नव्हतं. जस्त 907 अंशांनाच उकळतं, तांबं वितळायला 1085 अंश लागतात. म्हणून तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवत. जस्ताच्या वाफेला बाहेर पडायला वाट नसे, ती तांब्यातच मुरे. मात्र तेच पितळ पुन्हा वितळवलं की थोडं जस्त उडणारच. जुनी नाणी मोडून नवी पाडण्याच्या सपाट्यात नीरोनंतर नाण्यांतलं जस्त घटत गेलं.

अ‍ॅस आणि दुपोंडियस आकाराने जवळपास सारखे. टाकसाळीतून निघताना एक लाल, एक पिवळा. चार वर्षं हाताळले की दोन्ही काळपट. मग ओळखायचे कसे? नीरोच्या काळापासून दुपोंडियसवरच्या सम्राटाच्या डोक्यावर टोकदार किरणांचा मुकुट दिसू लागतो. हा मान खरा देवांचा, फार तर मरणोत्तर देवत्व मिळालेल्या ऑगस्टसचा. सुट्ट्या पैशांची ओळख पटावी म्हणून जिवंत राजाने तो चढवावा, हे मला भारी वाटतं.

दुसरी बाजू सरकारी जाहिरातीची. टायटसच्या सुमारे इ.स. 80च्या सेस्टर्शियसवर कलोसियम किंचित वरून पाहिल्यासारखं कोरलंय. कमानींच्या रांगा, कमानींत पुतळे आणि आत प्रेक्षक म्हणून नुसते ठिपके. सगळं जेमतेम साडेतीन सेंटिमीटरांत!

मुकुटाचा खरा कस 215मध्ये लागला. काराकल्लाने नवं चांदीचं नाणं काढलं, त्यावर तोच किरणांचा मुकुट. राणीचं चित्र असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर. खूण दुपटीची, म्हणजे मोल दोन दिनारांचं, नेहमीच्या दोन चांदीच्या नाण्यांइतकं असावं. आतली चांदी मात्र दीड दिनाराइतकीच. पुढे युद्धं आणि सैन्याचे पगार भागवताना चांदी आणखी आटली. 270च्या आसपास ती पाच टक्क्यांच्याही खाली गेली. तांब्यावर चांदीचा मुलामा, तोही खिशात घासून जाणारा.

274मध्ये ऑरेलियनने सुधारणा केली आणि अनेक नाण्यांवर रोमन अंकांत एकवीस उमटलं. वीस भाग तांबं, एक भाग चांदी, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. धातूची तपासणी केली तर चांदी साधारण तेवढीच निघते.