डोळे उघडण्याआधीच्या लाटा

उंदराचं पिल्लू डोळे मिटूनच जन्माला येतं आणि पुढचे जवळपास दोन आठवडे ते मिटलेलेच राहतात. तरीही त्याच्या डोळ्यातला पडदा स्वस्थ नसतो. दर मिनिटा-दोन मिनिटांनी पडद्याच्या एखाद्या भागात काही पेशी आपणहून चेततात, शेजारच्या पेशींना चेतवतात, आणि विद्युत स्पंदांची एक लाट सरकत जाऊन विरते. तिची वर्दी थेट मेंदूपर्यंत पोचते. मेंदू जनुकांमुळे घडतो की अनुभवामुळे, हा वाद आपल्याकडे अजूनही रंगतो. त्यात या लाटांचं नाव क्वचितच निघतं. माझ्या मते तो वाद मुळातच चुकीचा मांडलेला आहे, आणि ते दाखवून देणारी सर्वात सुंदर गोष्ट याच पडद्यावर घडते.

जनुकांची बाजू भक्कम केली ती रॉजर स्पेरी यांनी. 1940च्या दशकात त्यांनी न्यूट आणि बेडूक यांची दृष्टिचेता कापून डोळा 180 अंशांनी फिरवला. चेता पुन्हा वाढली, दृष्टी परतली, पण उलटी. भक्ष्य वर धरलं की प्राणी खाली झेपावे, आणि कितीही वेळा चुकला तरी सुधारत नसे. प्रत्येक तंतू आपल्या जुन्याच मुक्कामी गेला होता. तंतूवर आणि मुक्कामावर रासायनिक खुणा असल्या पाहिजेत, असं स्पेरींचं म्हणणं. 1995 साली त्या खुणा हाती लागल्या: एफ्रिन नावाची प्रथिनं. मेंदूच्या दृष्टिभागात त्यांचं प्रमाण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढत जातं आणि डोळ्याच्या पडद्यावर त्यांना ओळखणाऱ्या ग्राहींचं प्रमाणही असंच चढतं. ज्या तंतूवर ग्राही जास्त, तो एफ्रिनपासून तेवढा दूर थांबतो. माणसात प्रथिनं घडवणारी जनुकं 20,000च्या आसपास आणि मेंदूतल्या चेतापेशी सुमारे 86 अब्ज. एकेका जोडणीसाठी वेगळी खूण कुठून आणणार? दोन चढ मात्र मोजक्या जनुकांत बसतात आणि पडद्याचा अख्खा नकाशा मेंदूत उभा करतात.

पण तो ढोबळ असतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला, तेव्हा मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसऱ्याने बळकावली. ही अनुभवाची बाजू. 1981चं वैद्यकाचं नोबेल निम्मं स्पेरींना आणि निम्मं या दोघांना मिळालं. तरी एक पेच उरलाच होता. मांजरात थॅलॅमस या मेंदूच्या भागातले दोन डोळ्यांचे थर जन्माआधीच वेगळे होतात. गर्भाशयात पाहायला काय असतं?

कार्ला शॅट्झ आणि मायकेल स्ट्रायकर यांनी 1988 साली मांजरीच्या गर्भाच्या मेंदूत टेट्रोडोटॉक्सिन हे विष सोडून विद्युत स्पंद थांबवले. थर वेगळे झालेच नाहीत. त्याच वर्षी इटलीत लुचिया गाल्ली आणि लँबेर्तो माफ्फेई यांनी उंदराच्या गर्भातल्या डोळ्यांत हे आपसूक स्पंद प्रत्यक्ष नोंदवले, आणि 1991 साली शॅट्झ यांच्यासह स्टॅनफर्डमधल्या गटाने ते लाटांसारखे पसरतात हे दाखवलं. या लाटेतच सगळी माहिती असते. शेजारच्या पेशी जवळजवळ एकाच वेळी चेततात, लांबच्या मागाहून; दोन डोळ्यांच्या लाटांची वेळ सहसा जुळत नाही. म्हणून कोण कोणाच्या शेजारी आणि कोण कुठल्या डोळ्याचं, हे मेंदूतल्या पेशीला केवळ वेळेवरून कळतं. एकत्र चेतणाऱ्या जोडण्या टिकतात, बाकीच्या गळतात.

2021 साली येल विद्यापीठातल्या मायकेल क्रेअर यांच्या गटाने आणखी थक्क करणारी गोष्ट दाखवली. डोळे उघडण्याच्या काही दिवस आधी पिल्लाच्या लाटा बहुतांशी एकाच दिशेने धावतात, आणि ती दिशा म्हणजे उंदीर पुढे चालू लागला की समोरचं जग पडद्यावरून ज्या दिशेने सरकेल तीच. लाटा बिघडवल्या की हालचालीची दिशा ओळखण्याची क्षमताही नीट विकसित होत नाही.

लाटांचं श्रेय वाढवूनही सांगू नये. 2000 साली चेतापेशींमधून रासायनिक संदेश सुटणंच पूर्ण बंद असलेल्या उंदरांचे गर्भ अभ्यासले गेले. त्यांच्याही मेंदूचे थर, मार्ग, अगदी जोडण्याही आधी तयार झाल्या, पेशी मरू लागल्या त्या नंतर. आराखडा उभारायला संदेश लागत नाहीत. लाटा बारकावे भरतात.

कानातही असंच काहीसं घडतं: ऐकू येण्याआधी तिथल्या आधारपेशी एटीपी हे रसायन सोडून श्रवणपेशींना चेतवतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा हात आपसूक हलला की त्याच्या मेंदूच्या स्पर्शक्षेत्रात विद्युत लहर उमटते, हेही नोंदलं गेलं आहे.

जनुक आणि लाट यांची गाठ कुठे पडते हे 2003च्या एका प्रयोगात दिसलं. ॲसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहीचा बीटा-2 हा भाग घडवणारं जनुक काढलेल्या उंदरांत लाटा बिघडल्या आणि नकाशा धूसर राहिला. जनुक ग्राही घडवतं, ग्राहीमुळे लाट उठते, लाट नकाशा रेखते. यात जनुक एकीकडे आणि क्रिया दुसरीकडे असं काही करताच येत नाही. हे ग्राही निकोटिनिक कुळातले, म्हणजे तंबाखूतलं निकोटिन ज्यांना जाऊन चिकटतं ते. उंदरावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, पण असेच ग्राही मानवी गर्भाच्या मेंदूतही असतात आणि निकोटिन वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत गर्भारपणातही मिश्री सुटत नाही. तिथे बाळाच्या वजनाबद्दल बोललं जातं, तसं त्याच्या घडत्या मेंदूबद्दलही बोललं जायला हवं.